भिंतभर दादा

१४ सप्टेंबर

वहिनी,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते दादाला पाठ होतं. मी नुसतं वहिनी लिहितोय, नमस्कार त्यातच धरून घ्या. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी मला बोलायचं सुचणार नाही, म्हणून हे लिहिणं. शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, सावकाश वाचा.

काल विद्यापीठाच्या ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून घेतलं. टेबलावर तुमचं उत्तर होतं. दादाच्या तासांची रेकॉर्डिंग पुढची काही वर्षं मुलांना दाखवायची परवानगी त्यांनी तुमच्याकडे मागितली होती. दादाच्या माघारी तो हक्क तुमचा. त्यावर तुम्ही आपल्या भाषेत एकच ओळ लिहिलीत, "माझ्या नवऱ्याला बंद करा." साहेबांनी ती मला वाचायला लावली. त्यांच्या भाषेत सांगताना मी नवऱ्याला म्हणायच्या जागी रेकॉर्डिंग म्हणालो. माझी जीभच वळली नाही.

"का बंद करायचं?" साहेब म्हणाले.

"ठाऊक नाही."

"तुम्ही घरचे ना? समजावून बघा. सहामाही संपेपर्यंत चालू ठेवतो. त्याआधी त्यांचं शेवटचं काय ते कळवा. त्या नाही म्हणाल्या तर पुसून टाकू."

तर समजावतोय. वहिनी, बंद करू नका. दादा गेला त्याला अजून वर्षही नाही झालं. या वर्षीच्या मुलांनी त्याला कधी पाहिलेलं नाही, तरी चष्मा कपाळावर सरकवून त्याची नक्कल करतात. त्यांच्यासाठी तो त्यांचा मास्तर आहे. पुसून टाकायचं म्हणजे काय हो? फळा पुसतात, माणूस कसा पुसतात?

दादा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "त्यांना घेऊन या, नाहीतर येऊ नका." कागदांच्या भानगडीत त्याला आणता आलं नाही, इथेच सगळं करावं लागलं, म्हणून मी आलो नाही. तुम्ही हेही विचारलंत, की भाऊ शिकवायचा त्याच इमारतीत तुम्हाला आता राहवतं कसं. काम बरं आहे. वर्गाच्या मागे उंचावर काचेची खोली आहे, तिथे बसून माइक, पडदा, दिवे चालू-बंद करायचे. बेकरी सोडली, टायरचं दुकान सोडलं, माझा पाय कुठे ठरत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. दादाने इथे आणून चिकटवला तो चिकटलो. बाकी काही नाही.

चिमीला माझा पापा द्या. तिला सांगा, काका तिच्यासाठी रंगीत खडू जमवतोय. इथे फळेच राहिले नाहीत, तर खडूंना कोणी विचारत नाही.

तुमचा
धाकटा

२ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तर नाही. चालेल. तुम्ही वाचता एवढं पोस्टमनवरून समजतो, पाकीट परत तर आलं नाही.

आज वर्ग कसा असतो ते सांगतो. दादाने तुम्हाला कधी सांगितलं असेल असं वाटत नाही. तो घरी बोलायचाच किती!

शहरं कशी बांधायची हा त्याचा विषय. रस्ते, गटारं, घरं, कुणाला किती जागा. मुलं सगळी निरनिराळ्या देशांतली. वर्गात जी भाषा चालते ती एकाच्याही आईची नाही, सगळ्यांनीच ती मोठेपणी शिकलेली. म्हणून दादाने एक रीत लावली होती. तो प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचा. मग प्रत्येकाने आपलं उत्तर आधी शेजारच्याला आपल्या स्वतःच्या भाषेत सांगायचं. शेजाऱ्याला कळो न कळो. त्यानंतर हात वर करून सगळ्यांच्या भाषेत. "डोक्यात ज्या भाषेत पहिल्यांदा येतं त्या भाषेत ते एकदा तोंडातून निघू दे," म्हणायचा, "मग दुसऱ्या भाषेत सांगताना त्याची लाज वाटत नाही."

आणि हा थांबायचा. किती थांबायचा! नवीन मुलांना घाम फुटायचा. रेकॉर्डिंगमध्ये ते थांबणं जसंच्या तसं आहे. भिंतभर दादा उभा, चष्मा कपाळावर, बोलत काहीच नाही. आणि खाली निरनिराळ्या भाषांचा कालवा.

परवाचा प्रश्न होता, "दाराबाहेरची पायरी कुणाची? घराची की रस्त्याची?" बघा ना, काय विचारण्यासारखं आहे यात? पण मुलं अशी भांडली! एक लांब वेणीवाली मुलगी आहे, तिच्याकडे पायरीवर कुणीही येऊन बसतं, उठ म्हणणं म्हणजे भांडण मागून घेणं. एक मुलगा आहे, कायम लोकरीची टोपी घालून, त्याला मी टोपीवाला म्हणतो. दादाच्या हाताखाली तो मागच्या वर्षी होता, मध्येच सुटलं म्हणून पुन्हा बसलाय. त्याच्याकडे परक्याने पायरीवर पाय ठेवला तर आधी खाकरावं लागतं. दोन मुलं एकाच भाषेची आहेत, पण त्यांच्या देशांचं आपसात वाकडं, म्हणून वर्गाच्या दोन टोकांना बसतात आणि ज्यांना काही कळत नाही अशा शेजाऱ्यांशी बोलतात. परवा पायरीवरून त्यांचं इथून तिथे ओरडून सुरू झालं. सगळा वर्ग माना फिरवून बघत होता. भांडत होते की एक होत होते देव जाणे, पण बोलले तरी.

रेकॉर्डिंगच्या जोडीला एक नवीन बाई आहेत. वयाने माझ्याएवढ्या असतील. रेकॉर्डिंग थांबलं की शंका सांगायच्या आणि वह्या तपासायच्या, एवढंच त्यांना काम. बिचाऱ्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असतात.

हे सगळं बंद करायचं का वहिनी? तुम्हीच सांगा.

धाकटा

१९ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र आलं. जिन्यात उभ्याउभ्याच वाचलं, मग खोलीत जाऊन बसून वाचलं. तुमचे शब्द मी इथे परत लिहितो, कारण माझ्या हाताने लिहिल्याशिवाय ते मला खरे वाटत नाहीत.

"भाऊजी, तुम्ही त्या मुलांचं सांगता. मी माझ्या मुलीचं सांगते. यांनी मागच्या आजारपणात सुट्टीवर घरी असताना ते तास मोबाइलवर उघडून ठेवले होते, ते अजून उघडतात. चिमी शाळेतून आली की घेऊन बसते. तिला तिथलं काही कळत नाही. ती वाट बघते. मध्येच हे वर बघतात आणि आपल्या भाषेत बोलतात, तेवढ्यासाठी. 'काय, जेवलास का?' म्हणतात. ही म्हणते, 'जेवले बाबा, पण भाजी टाकली, आईला सांगू नका.' मी स्वयंपाकघरात ऐकत असते. मी तिला सांगितलं, एकदा नाही, खूपदा. म्हणते, 'तू बघितलंस का?' मी कुठे बघितलं, भाऊजी? मला तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणते, 'काका तिथेच आहे ना बाबांजवळ? मग?' तुम्ही तिथून हलत नाही, म्हणून तिच्या मते तेही तिथेच आहेत. ती रडत नाही. एकदाही रडलेली नाही. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून म्हटलं बंद करा. आणि तुम्ही या, तिला तोंडाने सांगा. त्यांना न घेता या. मी तेव्हा बोलले ते सोडून द्या."

वहिनी, मला पहिल्यांदा तुमचा रागच आला. म्हटलं, एक मोबाइल काढून घेता येत नाही? त्यासाठी सगळा दादा पुसायचा?

पण तो राग टिकला नाही, कारण मी तुम्हाला खोटं सांगितलंय.

मी कामासाठी नाही राहिलो. दादाच्या रीतीप्रमाणे त्यालाही आपलं उत्तर आधी आपल्या भाषेत कुणाला तरी सांगायला लागायचं. अख्ख्या वर्गात आपली भाषा समजणारा मी एकटा, तोही वर काचेमागे. म्हणून तो प्रश्न टाकला की वर माझ्याकडे बघायचा आणि माइकवर बोलायचा. मुलांना वाटायचं केवढं खोल काही तरी बोलतायत. आणि हा म्हणायचा, "जेवलास का?" कधी म्हणायचा, "केस काप रे आता." एकदा सगळा वर्ग लोकसंख्येवर विचार करतोय आणि हा गंभीर तोंड करून मला सांगतोय, "त्या पिवळ्या शर्टात तू पोस्टाची पेटी दिसतोस." मी काचेमागे पोट धरून हसत होतो.

पोस्टाची पेटी इथे पिवळी असते.

ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. दर आठवड्याला दादा माझ्याकडे बघतो. कॅमेरा माझ्या काचेवरच लावलेला, म्हणून सरळ डोळ्यात. इथे माझ्याशी आपल्या भाषेत बोलणारा दुसरा कोणी नाही. आणि मी उत्तर देतो, वहिनी. माझा माइक बंद असतो, कुणाला ऐकू जात नाही. हो म्हणतो, जेवलो म्हणतो. चिमी करते तेच. ती लहान आहे, तिला माफ आहे. मला दाढी येते.

तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल ते मला कळतं. फोनवर तुमच्याशी तो हो-नाही एवढंच बोलायचा, आणि इथे भर वर्गात माझ्या शर्टावर बोलायचा. त्याला समोर माणूस दिसलं की सुचायचं, वहिनी. फोनमध्ये नाही सुचायचं. एवढंच मी त्याच्या बाजूने सांगू शकतो.

पण बंद करू नका. मी येतो, चिमीला काहीबाही सांगतो. बंद मात्र नको.

धाकटा

६ नोव्हेंबर

वहिनी,

मागच्या आठवड्यात नवीन बाई काचेच्या खोलीत आल्या. तास संपल्यावर. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मध्ये थांबवता का?"

"काय थांबवतो?"

"साळसूद बनू नका. मी तीच रेकॉर्डिंग घरी बघते. घरी ते थोडं थांबतात. वर्गात खूप थांबतात. मेलेला माणूस दर आठवड्याला जास्त जास्त थांबायला लागलाय, हे कसं?"

पकडला गेलो. खरं आहे ते. कुणाचं बोलणं अर्धवट राहिलंय असं दिसलं, की मी रेकॉर्डिंग तिथेच धरून ठेवतो. त्यात एक अक्कल लागते, तोंड उघडं असताना धरलं तर दादा भूत दिसतो. पापणी मिटताना धरलं तर त्याहून वाईट. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, नजर खाली मुलांवर, असा क्षण साधावा लागतो. तसा साधला की तो अगदी वाट बघत असल्यासारखा दिसतो. मुलं सावकाश बोलून घेतात. मग मी त्याला सोडतो.

मी म्हटलं, "बाई, मुलांच्याच भल्यासाठी."

त्या खुर्चीत बसल्या. रागावतील वाटलं, तर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "मी काय करू सांगा. माझ्या मागे ते भिंतभर उभे असतात. मी तोंड उघडलं की मुलं माझ्या डोक्यावरून त्यांच्याकडे बघतात. काल त्या टोपीवाल्याने मला चांगली शंका विचारली. मला उत्तर येत होतं, आणि मी म्हटलं, पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये येईल ते. का म्हटलं मी असं? आणि येणारच नाहीये ते! त्यांना ही शंका कोणी विचारलीच नव्हती. या मुलांचे प्रश्न त्यांना ऐकू येत नाहीत. तुम्ही कितीही धरून ठेवा, ते ऐकत नाहीयेत."

 खालच्या रिकाम्या वर्गात पडदा तसाच उजळलेला होता.

जाताना म्हणाल्या, "ते वर बघून काय म्हणतात? सगळ्यांना जाणून घ्यायचंय. मुलांनी त्यावर निबंध लिहिलेत."

"घरचं असतं," मी म्हटलं.

आठवडाभर मी रेकॉर्डिंग धरून ठेवलं नाही. माझे हात नुसते वळवळत होते. पाय तर विचारू नका, खोलीत येरझाऱ्या घालून खालच्या भाडेकरूने छताला काठी मारली. वहिनी, एक विचारतो. चिमी खरंच एकदाही रडली नाही?

धाकटा

२३ नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र चिमी घरात नसताना वाचा.

तुम्ही मला तेव्हा विचारलं होतंत, "ते कसे गेले?" मी म्हणालो, हॉस्पिटलात, झोपेत. तसं नाही. तो वर्गात गेला. हॉस्पिटलात त्याला नंतर नेलं, तिथे मी त्याला पाहिलं. वर्गात मी नव्हतो. माइक आणि दिवे लावून देऊन मी शेजारच्या इमारतीत गेलो होतो, तिथे एका प्रोजेक्टरचा दिवा उडाला होता म्हणून पाठवलं होतं.

त्या दिवसाचंही रेकॉर्डिंग आहे. ते कुणाला दाखवत नाहीत, साहेबांनी वेगळं काढून ठेवलंय. पण मशीन माझ्या हाताखालचं, मला ठाऊक होतं कुठे आहे ते. इतके महिने मी त्याला हात लावला नाही. परवा सुट्टी होती, दुपारी इमारतीत कोणी नव्हतं. बाईंचं ते वाक्य डोक्यातून जाईना, ते ऐकत नाहीयेत. म्हटलं, बघून टाकू.

दादा विचारतो, "रस्ता रुंद करायचाय. पहिलं घर कुणाचं मोडायचं?" मग गप्प बसतो. मग वर बघतो. काच रिकामी. म्हणतो, "कुठे उलथलाय हा आज?" आणि हसतो. मग मागे सरकून खुर्चीत बसतो. एक हात टेबलावर. मान थोडी खाली.

बस्स. एवढंच झालं.

आणि मुलं बोलायला लागतात. त्यांना शिकवलंच होतं ना, सर थांबले की बोलायचं. आपापल्या भाषेत सगळे बोलतायत. कुणाचं घर मोडायचं त्यावर हसतायत, कोणी टेबलावर बोटाने रस्ता काढून दाखवतंय. सर थांबलेत. मग हळूहळू बोलणं संपतं. एकेक जण गप्प होतो आणि समोर बघतो. एका मुलीने हात वर केलाय. तिला वाटतंय सर आता मान वर करतील. कुणीही घाई करत नाही, वहिनी. इतर कुठल्याही वर्गात मास्तर असा बसला असता तर पोरांनी धाव घेतली असती. याच वर्गाला वाट बघायला शिकवलेलं. ते सरांचीच रीत सरांशी पाळत बसले. त्या मुलीने एका हाताला दुसऱ्या हाताचा टेकू दिला, पण खाली नाही केला.

शेवटी टोपीवाला उठला.

डॉक्टर म्हणाला होता, कोणी लगेच धावलं असतं तरी उपयोग नव्हता. तो खरं बोलला की मुलांना जड जाऊ नये म्हणून बोलला, मला माहीत नाही. मी काल टोपीवाल्याला कँटीनमध्ये गाठलं. दोघांचीही भाषा मोडकीतोडकी, त्यामुळे सरळच बोलावं लागलं. तो म्हणाला, "मी यावर्षी परत त्याच वर्गात बसलोय, कारण तिथे ते जिवंत आहेत. प्रत्येक वेळी ते थांबले की मी त्यांचा श्वास चालू आहे का ते बघतो. मला वाटतं, जाऊन हात लावून बघावं. मग ते बोलतात. मग बरं वाटतं. मग पुन्हा थांबतात." चहा तसाच टाकून गेला तो.

मी त्या थांबण्याला लांबवत होतो, वहिनी. दर आठवड्याला. त्या पोराला मी तिथे धरून ठेवत होतो आणि म्हणत होतो, मुलांच्या भल्यासाठी.

दादा एकटा नव्हता एवढं मात्र धरून ठेवा. तुम्हाला ते विचारायचं होतं, पण तुम्ही विचारलं नाहीत. खोली भरलेली होती. सगळे त्याने विचारलेल्या प्रश्नावर बोलत होते. त्यात दुःखी असं एकही माणूस नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं. वहिनींचं शेवटचं तेच आहे, बंद करा. ते म्हणाले, "घरच्यांसाठी एक प्रत काढून देऊ?" माझ्या तोंडात हो आलं होतं. आपल्या भाषेत आलं होतं. ते तिथेच ठेवलं आणि त्यांच्या भाषेत नको म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं. हवी असेल तर तसं फोन करून कळवा, अजून पुसलेलं नाही.

धाकटा

८ डिसेंबर

वहिनी,

तुमचा फोन आला तेव्हा मी "हॅलो" पलीकडे काही बोललो नाही त्याचा राग मानू नका. तुम्ही "प्रत नको" म्हणालात आणि मग आपण दोघं नुसते फोन धरून बसलो. मला ते बरं वाटलं.

पुसलं. साहेब म्हणाले तुम्हीच दाबा. त्यात काही नसतं हो, यंत्र फक्त विचारतं, खरंच का. हो म्हणायचं. दिवा हिरव्याचा पांढरा झाला. त्या दिवसाचंही पुसलं. मोबाइलवर आता उघडून बघा, काही येणार नाही.

काल पडद्याशिवाय पहिला तास झाला. भिंत रिकामी. बाई समोर उभ्या राहिल्या, हातात कागद घेऊन. प्रश्न टाकला, "शहरातली कुठली जागा कुणाचीच नसावी?" आणि गप्प बसल्या. म्हणजे बसायला बघत होत्या. त्यांना ते सोसवेना. लगेच स्वतःच बोलायला लागल्या, "म्हणजे मला असं म्हणायचंय की..."

लांब वेणीवाली म्हणाली, "थांबा ना बाई! आम्ही अजून शेजाऱ्याकडे पोचलो पण नाही."

सगळा वर्ग हसला. बाई लाल झाल्या. म्हणाल्या, "मग मी काय करू तोवर?"

"तुम्ही पण सांगा ना कुणाला तरी."

बाईंनी वर माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा त्या टोपीवाल्याच्या बाकाशी गेल्या आणि आपल्या भाषेत त्याला काहीतरी सांगायला लागल्या, हातवारे करकरून. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. गडी एवढ्या मन लावून मान हलवत होता, जसं काही कर्जाच्या अटी ऐकतोय. मग त्याने सुरू केलं. त्याचं बाईंना कळेना. टोपी काढून ठेवली होती त्याने. डोक्याला हे एवढं टक्कल पडलंय, मला काल कळलं.

मी काचेमागे बसलो होतो आणि मला कोणी काही विचारलं नाही. मी पगार घ्यायला गेलो तेव्हा साहेबांना सांगितलं, जागा दुसऱ्याला द्या. कुठे जाणार म्हणाले. घरी म्हटलं, मग बघू. तुम्ही हसाल, याचा पाय पुन्हा सुटला म्हणून. या वेळी सुटू द्या.

सोबत चिमीसाठी वेगळं पत्र आहे. आधी तुम्ही वाचा. देण्यासारखं वाटलं नाही तर फाडा. पण दिलंत तर मध्ये बोलू नका, तिला स्वतःला वाचू द्या. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय.

धाकटा

८ डिसेंबर

चिमे,

हा काका आहे. तू आईला विचारलंस, तू बघितलंस का? आईने नव्हतं बघितलं. मी बघितलं.

बाबा गेले, चिमी. म्हणजे मेले. मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा ते पलंगावर होते. चष्मा कुणीतरी काढून बाजूला ठेवला होता. मी त्यांना दादा म्हणून हाक मारली. मोठ्याने मारली, नर्स आत आली एवढ्या मोठ्याने. त्यांनी ओ दिली नाही. मी त्यांचा हात धरला. तो गार होता, आणि त्याने माझा हात धरला नाही. मग मी खूप रडलो. मोठी माणसं रडतात तसं नाही, तू पडल्यावर रडतेस तसं.

मोबाइलमधले बाबा "जेवलास का" म्हणायचे ते तुला नाही म्हणायचे. ते मला विचारत होते. आणि तेही खूप आधी विचारलेलं होतं, तेव्हा ते जिवंत होते. तू उत्तर द्यायचीस ते त्यांना ऐकू जात नव्हतं. मी पण द्यायचो. माझं पण गेलं नाही. आता ते मोबाइलवर येणार नाहीत, कारण मी ते पुसलं. आईने नाही, मी. रागवायचं तर माझ्यावर रागव.

तू म्हणतेस, काका बाबांजवळ आहे. मी नाहीये त्यांच्याजवळ. इथे ते कुठेच नाहीत. मी सगळीकडे बघितलं, चिमे. म्हणून मी येतोय.

महिनाअखेरीला निघेन. दार तूच उघड. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, मी पायातले बूट काढून गुपचूप भिंतीशी बसेन. फक्त एक कर. दार उघडशील तेव्हा माझ्या मागे बघू नकोस. मी एकटाच आहे.

काका